सिंगल फोटॉन सोर्सची शुद्धता कशी वाढवायची: काउंटच्या मागं लागण्याआधी हे करा

प्रोजेक्टचे दिवस आले की सांगली-मिरजेची, साताऱ्याकडची पोरं रात्री अकराला फोन करतात, "सर, काउंट दुप्पट झाले!" मी विचारतो जी-टू (म्हणजे भेसळीचा आकडा, कमी तितका चांगला) किती आला, की पलीकडं शांतता. मग हळूच आवाज येतो, "तो जरा वाढला." जरा म्हणजे तिप्पट. लेझरची पॉवर वाढवली, फिल्टर काढून ठेवला, विंडो (जेवढ्या वेळात वाजलेले डिटेक्टर एकदम वाजले असं धरायचं, ती मुदत) रुंद केली, आकडे फुगले आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता तीच गोष्ट, एका वेळी एकच फोटॉन म्हणजे उजेडाचा एकच कण, गेली. दर वर्षी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा नीट लिहून टाकतोय.

हे सगळं कॉलेजच्या लॅबमध्ये जमण्यासारख्या सेटअपबद्दल आहे. ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा लेझर, बीबीओ (बेरियम बोरेट) क्रिस्टल, त्यातून निघणाऱ्या ८१० नॅनोमीटरच्या फोटॉनच्या जोड्या. जोडीतला एक फोटॉन डिटेक्टरवर पडला की तो वर्दी देतो, जोडीदार दुसऱ्या वाटेनं निघालाय म्हणून. इंग्रजीवाले त्याला हेराल्ड म्हणतात, मी वर्दीचा डिटेक्टरच म्हणतो. दुसऱ्या वाटेवर ५०:५० बीम स्प्लिटर (उजेड दोन वाटांना निम्मा-निम्मा वाटणारा) आणि त्याच्यापुढं दोन डिटेक्टर, क आणि ख. वर्दी आली आणि खरंच एकच फोटॉन असेल तर तो एकतर क वर जाईल नाहीतर ख वर, दोन्हीकडं एकदम वाजणार नाही. दोन्हीकडं वाजलं म्हणजे भेसळ.

भेसळ मोजायचं सूत्र एवढंच:

जी-टू = (वकख × व) ÷ (वक × वख)

व म्हणजे वर्दीचे काउंट, वक म्हणजे वर्दी आणि क एकदम, वकख म्हणजे तिन्ही एकदम. शून्याच्या जितकं जवळ तितकं शुद्ध. ०.५ च्या खाली आलं की पोरं पेढे वाटायला निघतात, पण ते नुसतं दारातून आत आल्यासारखं आहे. क्वांटम की वाटपासाठी, म्हणजे गुप्त संदेशाची किल्ली फोटॉनवरून पाठवायला, सोर्स वापरायचा असेल तर प्रत्येक जादा फोटॉन म्हणजे चोरून ऐकणाऱ्याच्या हातात आयती प्रत.

(शुद्धता हा शब्द अजून एका अर्थानं वापरतात, एका फोटॉनसारखाच दुसरा फोटॉन हुबेहूब आहे का या अर्थानं. ते प्रकरण वेगळं, त्याचं मोजमाप वेगळं. व्हायव्हात दोन्हीची खिचडी करू नका.)

टप्पा १: लेझर चालू करण्याआधी कागदावर अंदाज काढा

हा टप्पा शंभरातले नव्वद जण गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. सततच्या, म्हणजे पल्स नसलेल्या लेझरवर खोट्या तिहेरी जुळण्या कुठून येतात? वर्दी आणि क खरोखर जुळले आणि त्याच विंडोत ख वर योगायोगानं दुसराच कोणीतरी येऊन पडला, किंवा याच्या उलट. त्यावरून अंदाज निघतो:

अंदाजे जी-टू = व × विंडो × (क ÷ वक + ख ÷ वख)

इथं नुसता क आणि नुसता ख म्हणजे त्या त्या डिटेक्टरचे एकूण, म्हणजे सिंगल, काउंट. उदाहरण घ्या. सेकंदाला व १,००,०००, क आणि ख प्रत्येकी २०,०००, वक आणि वख प्रत्येकी ४,०००, विंडो ५ नॅनोसेकंद. आता १,००,००० गुणिले ५ नॅनोसेकंद म्हणजे ०.०००५. कंसात ५ अधिक ५ म्हणजे १०. उत्तर ०.००५.

आता या एका ओळीत काय काय दिसतंय बघा. विंडो २५ नॅनोसेकंद केली तर थेट ०.०२५. लेझर दुप्पट केला तर व दुप्पट होतो पण कंसातले भागाकार तसेच राहतात, म्हणून ०.०१. खोलीतला उजेड शिरून क आणि ख वर वीस-वीस हजार फालतू काउंट चढले तर कंसात २० होतात, परत ०.०१. आणि अलाइनमेंट सुधारून वक-वख ८,००० वर नेले, क-ख तेवढेच ठेवून, तर ०.००२५, म्हणजे पॉवरला हातही न लावता भेसळ निम्मी. कुठं मेहनत घ्यायची ते इथंच ठरतं.

चेक: मोजलेला आकडा अंदाजाच्या आसपास आला तर सेटअप शहाणा आहे, फक्त सुधारायचाय. अंदाजापेक्षा खूप जास्त आला तर चोर दुसरीकडं आहे, टप्पा ६ बघा. अंदाजापेक्षा खूप कमी आला तर खूश होऊ नका, वायरिंग तपासा.

टप्पा २: अंधार, खराखुरा अंधार

डिटेक्टरवर झाकण घालून आधी डार्क काउंट (उजेड नसतानाही डिटेक्टर स्वतःहून वाजतो ते) लिहून ठेवा, साधारण काही शे असतात. मग झाकण काढा, फायबर जोडा, लेझर बंदच ठेवा, लाइट बंद करा आणि परत मोजा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या खोलीतला उजेड.

आमच्याकडं एकदा काय झालं, झाकण असताना ३०० असलेले काउंट, दिवे बंद करून झाकण काढलं की एकदम चाळीस हजारावर जायचे. दिवे चालू असताना डिटेक्टर चालू ठेवत नाही त्यामुळं तुलना करायला काही नव्हतं, पोरं दोन दिवस फायबर बदलत बसली. शेवटी एकाचं लक्ष कोपऱ्यातल्या सीसीटीव्हीकडं गेलं. अंधार पडला की तो आपोआप नाइट व्हिजनवर जातो आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी लावतो, आपल्याला दिसतात न दिसल्यासारखे, डिटेक्टरला मात्र दिवाळी. त्या वेळी पुढं नुसता लाँगपास फिल्टर (ठराविक तरंगलांबीच्या वरचं सगळं सोडणारा) होता, त्यानं सगळं आत सोडलं. कॅमेऱ्यावर पुठ्ठ्याचा डबा चढवला तेव्हा ३२० वर आलं. (ऑफिसकडून कॅमेरा झाकायची परवानगी मिळवायला त्याहून जास्त वेळ लागला, ते जाऊ दे.)

तसंच काळ्या कापडाचं. बाजारातनं काळं पॉलिस्टर आणून टेबलावर तंबू ठोकतात. डोळ्याला काळं दिसणारं बरंच सिंथेटिक कापड ८०० नॅनोमीटरच्या पुढं चक्क चाळणी असतं. तपासायची सोपी युक्ती, टीव्हीचा रिमोट कापडामागं धरा, बटण दाबा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, लुकलुकताना दिसला तर ते कापड उपयोगाचं नाही. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा आधी कापडाशिवाय रिमोट दिसतोय का बघून घ्या, नाहीतर सेल्फी कॅमेरा वापरा. माझं मत विचाराल तर कापडाच्या भानगडीत पडूच नका, कुपवाड एमआयडीसीतनं पत्र्याचा डबा वाकवून घ्या, आतून मॅट काळा रंग मारा, बास.

स्टॅबिलायझरचा हिरवा दिवा, एक्स्टेंशन बोर्डाचा लाल निऑन, लॅपटॉपची स्क्रीन, यूपीएसचा डोळा, सगळ्यांवर काळी टेप. पिवळ्या-केशरी आवरणाच्या फायबरमधूनही बाजूनं उजेड झिरपतो, त्यावर काळी नळी चढवा.

सावधान: डिटेक्टरला वीज चालू असताना खोलीचे दिवे लावायचे नाहीत, म्हणजे नाहीतच. एवढ्या उजेडात डिटेक्टर कायमचा जाऊ शकतो आणि त्याची किंमत ऐकून एचओडींचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. दाराला आतून कडी लावा आणि बाहेर पाटी टांगा, शिपाईमामांना तोंडी पण सांगून ठेवा.

टप्पा ३: लेझरची घाण क्रिस्टलच्या आधीच अडवा

निळा लेझर डायोड नुसता ४०५ देत नाही, त्याच्याबरोबर फिकट पसरलेला उजेडही देतो आणि त्यातला थोडा इन्फ्रारेडपर्यंत पोचतो. तो जोडीचा नसतो पण डिटेक्टरला काय कळणार. म्हणून क्रिस्टलच्या आधी एक ४०५ चा बँडपास फिल्टर, म्हणजे त्या तरंगलांबीच्या आसपासचंच सोडणारा. मग क्रिस्टलनंतर उरलेला निळा लेझर काळ्या बीम ट्रॅपमध्ये संपवा, भिंतीवर सोडून देऊ नका.

इथं एक चूक फार कॉमन आहे. रंगीत काचेचा लाँगपास फिल्टर पहिल्यांदा लावतात, तो निळा अडवतो हे खरं, पण निळा पडला की ती काच स्वतः चमकते आणि ती चमक तांबड्या-इन्फ्रारेडमध्ये असते. तेव्हा पहिला मान इंटरफेरन्स फिल्टरचा (काचेवर पातळ थर चढवलेला असतो तो), रंगीत काच लावायचीच तर त्याच्यामागं.

सावधान: ४०५ डोळ्याला असतो त्यापेक्षा मंद वाटतो, फसू नका. ४०५ साठीचाच चष्मा घाला, उन्हाचा गॉगल नाही. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा, बीम डोळ्याच्या उंचीवर कधीच नको.

चेक: क्रिस्टल ९० अंशात फिरवा किंवा लेझरचं पोलरायझेशन हाफ-वेव्ह प्लेटनं ९० अंशात वळवा. जोड्या बंद व्हायला पाहिजेत आणि वक जवळजवळ शून्य. तरीही क आणि ख वर जेवढे काउंट उरले, तेवढी तुमची घाण. हा आकडा वहीत लिहा, पुढं लागणार आहे.

टप्पा ४: अलाइनमेंट करताना डोळा जुळणीवर ठेवा

साधारणपणे क्रिस्टल असा कापलेला असतो की दोन्ही फोटॉन मधल्या रेषेपासून ३ अंशांवर जातात, म्हणजे एक मीटरवर मधल्या रेषेपासून ५.२ सेंटिमीटर. पट्टी घेऊन टेबलावर आधी खुणा करा. मग फायबर डिटेक्टरपासून सोडवून त्यात उलट्या बाजूनं ८१० चा छोटा अलाइनमेंट लेझर सोडा आणि त्याचा ठिपका क्रिस्टलवर निळ्या ठिपक्याच्या डोक्यावर बसवा. फायबर सोडवायचं विसरलात तर वरची सावधानसूचना परत वाचा.

एवढं झालं की खरी फाइन ॲडजस्टमेंट, आणि इथंच सगळे चुकतात. क चे सिंगल काउंट वाढतायत म्हणून स्क्रू फिरवत राहतात. सिंगल काउंट तर घाणीनं पण वाढतात. बघायचं ते वक ÷ क, शेकडा किती क ला वर्दीचा आधार आहे. स्क्रू अगदी पाव फेरी, पाच सेकंद थांबा, भागाकार बघा, परत पाव फेरी. कंटाळवाणं आहे, आमची एक विद्यार्थिनी याला लोणी काढणं म्हणायची, ताक ढवळतंय ढवळतंय आणि मग एकदम गोळा येतो.

फिल्टर निवडताना पण जोडीचा हिशोब ठेवा. ४०५ ची ऊर्जा दोघांत वाटली जाते. वर्दीच्या वाटेवर ८०० चा फिल्टर बसला तर जोडीदार ८२० च्या आसपास असणार, आणि दुसऱ्या वाटेवर ८१० चा अरुंद फिल्टर असेल तर तो बिचारा दारातच अडणार. म्हणजे वर्दी आली, फोटॉन नाही. वर्दीच्या बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला थोडा रुंद, दोन्हींचा मध्य जुळलेला. फिल्टर तिरका बसला की त्याचा मध्य कमी तरंगलांबीकडं सरकतो, तेव्हा होल्डर सरळ आहे का बघा, मी स्वतः यात एक आख्खा शनिवार घालवलाय.

टप्पा ५: वेळ जुळवा, मगच विंडो आवळा

फायबर असो की कोॲक्स केबल, एक मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद. क ची केबल दोन मीटर आणि ख ची एक मीटर असली तर ५ नॅनोसेकंदाच्या विंडोत एकजण बसणारच नाही. म्हणून आधी विंडो रुंद ठेवून व-क आणि व-ख चे वेळेचे हिस्टोग्राम काढा, दोन्ही शिखरं एका जागी आणा, केबल बदलून किंवा सॉफ्टवेअरमध्ये डिले देऊन. नंतर विंडो हळूहळू कमी करत या. वक घटायला लागला की एक पायरी मागं या आणि तिथंच थांबा. शिखराच्या रुंदीपेक्षा विंडो आवळली तर खऱ्या जोड्या मरतात, क ÷ वक वाढतो आणि मिळवलेलं परत जातं.

चेक (हा टाळू नका): तुमचं मशीन खरं बोलतंय का ते बघायला त्याला साधा उजेड दाखवा. बॅटरीवरचा छोटा फिलामेंट बल्ब, भरपूर मंद करून, तिन्ही डिटेक्टरवर सेकंदाला दोन-दोन लाखाच्या आसपास, विंडो ५० नॅनोसेकंद. सेकंदाला साधारण २० तिहेरी जुळण्या येतील आणि जी-टू १ यायला पाहिजे. मेन्सवरचा बल्ब नको, तो सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, घरगुती एलईडी तर त्याहून खोडकर. साध्या उजेडाला पण शून्य दाखवलं तर तिहेरीची वायरच जोडलेली नाही. असं झालंय, आणि त्या शून्याचं पोस्टर छापून झाल्यावर लक्षात आलंय. आणखी एक, तुमचं सर्किट नुसतं तीन पल्स एकमेकांवर आले का एवढंच बघत असेल तर साध्या उजेडाला १ ऐवजी ०.७५ येतं. तो बिघाड नाही, पल्स एकमेकांवर पडायच्या गणितातूनच पाऊण येतं, फक्त ध्यानात ठेवा.

टप्पा ६: तरीही आकडा जास्त? मग चोर शोधा

डिटेक्टर स्वतः पण उजेड टाकतो. सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये फोटॉन पडून विजेचा लोंढा उठला की त्यातून थोडा उजेड उलटा बाहेर पडतो, वाटेतल्या एखाद्या फायबरच्या टोकावर आपटून परततो आणि दुसऱ्या डिटेक्टरवर जाऊन बसतो. झालं, क वाजला म्हणून ख वाजला. ओळखायचं कसं? वर्दी बाजूला ठेवा आणि नुसता क-ख चा हिस्टोग्राम बराच वेळ घ्या. मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन टेंगळं दिसली तर हाच प्रकार. हा उजेड अनेक रंगांचा असतो म्हणून प्रत्येक डिटेक्टरच्या तोंडाशीच बँडपास फिल्टर लावला की बराचसा मरतो. कनेक्टर हिरवे म्हणजे तिरक्या टोकाचे असतील तर परावर्तन कमी होतं, पण हिरव्याला निळा जोडू नका, मध्ये फट राहते आणि उजेड वाया जातो. फायबर लांब घेतलं तर ती टेंगळं विंडोच्या बाहेर पडतात, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरा चोर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधली कुजबुज, एका केबलचा पल्स शेजारच्या केबलमध्ये. क चा डिटेक्टर झाकून ठेवा आणि ख वर भरपूर उजेड टाका, झाकलेल्या क चे काउंट ख बरोबर वाढले तर केबल लांब लांब करा आणि अर्थिंग बघा. सांगलीत अर्थिंग बघा असं मी कुठल्याही बिघाडाला सांगतो हे पोरांना पाठ झालंय, पण दर वेळी काहीतरी सापडतंच.

तिसरा, टेबल हलणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडं बऱ्याच जणांनी महागडं सामान वरच्या मजल्यावर नेलं, ते योग्यच, पण वरच्या मजल्यावर जिना दणदणतो. लेक्चर सुटलं की वक खाली जातोय का बघा. एसीचा झोत सरळ टेबलावर येत असेल तर तोही तोच खेळ करतो.

टप्पा ७: पॉवर सगळ्यात शेवटी, आणि खाली

आता लेझरला हात लावा. करंट कमी करून पॉवर घटवू नका, डायोडची तरंगलांबी सरकते आणि मोड उड्या मारतो. करंट तसाच ठेवून पुढं न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (नुसता उजेड मंद करणारी काच) घाला. चार-पाच वेगवेगळ्या पॉवरवर जी-टू काढा आणि आलेख मांडा. सरळ रेष यायला पाहिजे. ती शून्यातून गेली तर उरलेली भेसळ फक्त जास्तीच्या जोड्यांची आहे, पॉवर घटवाल तेवढी घटेल. उभ्या अक्षाला शून्याच्या वर कुठंतरी कापली तर तेवढा भाग खोलीतला उजेड, डार्क काउंट नाहीतर टप्पा ६ मधले चोर, तिथं पॉवर घटवून काही होणार नाही, मागं जा.

किती घटवायची हे वेळेवर ठरतं. वरच्या उदाहरणात सेकंदाला ०.८ तिहेरी जुळण्या येतात, दहा टक्क्यांच्या आतली चूक हवी तर निदान १०० जमायला पाहिजेत, म्हणजे दोन मिनिटं. पॉवर निम्मी केली की जी-टू निम्मा पण तिहेरी चौथाई, आठ-साडेआठ मिनिटं. अजून निम्मी, अर्ध्या तासाच्या पुढं. रात्रभर मोजायचं ठरवलंत तर यूपीएसची बॅटरी तपासा, एमएसईबी कुणाला विचारून लाइट घालवत नाही.

दहा सेकंद मोजून, तिहेरी शून्य आली म्हणून जी-टू शून्य असं लिहिणारे दर वर्षी भेटतात. शून्य मोजलं याचा अर्थ पुरेसा वेळ थांबला नाहीत.

क्वांटम डॉटवर (एकेक फोटॉन देणारा सेमीकंडक्टरचा अतिसूक्ष्म ठिपका) काम करायला मोठ्या संस्थेत जाणाऱ्यांसाठी दोन ओळी: तिथं वर्दी नसते, जोड्यांची भानगड नसते, भेसळ येते ती उत्तेजित करणाऱ्या लेझरचाच उजेड गळण्यातून आणि एकाच पल्समध्ये डॉट दोनदा पेटण्यातून. म्हणून लेझरच्या पोलरायझेशनला काटकोनात पोलरायझर आणि डॉट पेटून फोटॉन टाकायला जेवढा वेळ घेतो त्यापेक्षा बरीच छोटी पल्स. बाकी अंधार, विंडो, मोजण्याचा वेळ हे सगळं तिथंही असंच.

टप्पा ८: लिहिताना आणि बंद करताना

रिपोर्टमध्ये आधी काहीही वजा न केलेला आकडा, त्याच्यापुढं चूक, विंडो, तिन्ही सिंगल काउंट, मोजलेला वेळ. बॅकग्राउंड वजा करून आकडा द्यायचा असेल तर वेगळ्या ओळीत आणि काय वजा केलं ते सांगून. वजा केलेलाच आकडा गुपचूप मुख्य म्हणून छापला की व्हायव्हात पहिला प्रश्न तोच येतो आणि यायलाच पाहिजे.

बंद करताना क्रम: आधी डिटेक्टर, मग लेझर, मग खोलीचे दिवे. हा क्रम दारावर चिकटवा. क्रिस्टल टेबलावर ठेवून घरी जाऊ नका, बीबीओ हवेतली ओल ओढतो आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवेत ओलीशिवाय दुसरं काही नसतं, पृष्ठभाग धूसर झाला की तिथून निळा लेझर विखुरतो आणि टप्पा ३ चा आकडा वर चढतो. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेल घालून ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की लॅबच्या ओव्हनमध्ये १२० अंशाला तापवून परत निळी करा, हॉस्टेलच्या कढईत नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं.